ॲजिलिटीत कुत्रा हाताबाहेर जातोय? आधी या चुका टाळा

ॲजिलिटी म्हणजे माणसाच्या इशाऱ्यावर कुत्र्याने अडथळे ठरल्या क्रमाने पार करायचा खेळ. त्याच्या मैदानावरची पहिली तक्रार ठरलेली असते. "घरी सगळं ऐकतो हो, इथे आला की त्याच्या अंगातच येतं." पुढचं चित्रही ठरलेलं. कुत्रा भुंकत स्वतःभोवती गिरक्या घेतो, न सांगता बोगद्यात दोनदा शिरतो, उड्यांच्या दांड्या पाडतो, मालकाची बाही धरून ओढतो. मालक एका दमात "नको, नको, थांब, इकडे ये" असं ओरडत असतो. शेवटी निदान होतं की एनर्जी फार आहे, आणि उपाय निघतो की अजून पळवा.

हे निदान बहुतेक वेळा चुकतं. असा कुत्रा हट्टी नसतो, आणि व्यायाम कमी पडल्यामुळेही तो असा वागत नसतो. पुढे काय करायचं ते त्याला वेळेवर कळत नाही, आणि या सगळ्या गडबडीत शांत कसं राहायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातात आहेत, म्हणून चुकाही माणसाच्याच सांगायला हव्यात.

दमवून आणणं

सरावाला निघण्याआधी पन्नास वेळा बॉल फेकायचा, म्हणजे कुत्रा "थोडा खाली येतो", असा एक समज आहे. बॉलमागे धावण्याने कुत्रा शांत होत नाही. तो तापतो, आणि त्याच तापलेल्या डोक्याने मैदानात उतरतो. महिनाभर रोज असं केलंत तर त्याचा दम वाढेल आणि पुढच्या महिन्यात शंभर वेळा फेकावा लागेल.

त्याऐवजी मैदानावर पोचल्यावर लांब, सैल पट्ट्यावर दहा-पंधरा मिनिटं हुंगत फिरू द्या. नाक खाली, चाल संथ, तुम्ही गप्प. त्यानंतर दोन-तीन मिनिटं अंग मोकळं करायचं: चालणं, हलकं पळणं, दोन्ही बाजूंना गोल वळणं, दांडी जमिनीवर ठेवून दोन-चार उड्या. वॉर्मअपला एवढं पुरतं.

खाऊ कसा घेतोय, तिकडे दुर्लक्ष

कुत्र्याचं डोकं किती तापलंय हे मोजायला सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे तुमचा तळहात. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा पुढे करा. ओठांनी अलगद उचलला तर काम चालू ठेवा. बोटांना दात लागले, तळव्यावर ओरखडा उठला, तर अडथळे बंद. दहा-बारा तुकडे गवतात विखुरून टाका, त्याला शोधून खाऊ द्या, मग पुन्हा तळहात पुढे करा. एरवी चिकनवर तुटून पडणारा कुत्रा तुकडा तोंडातून टाकून देत असेल किंवा त्याकडे बघतही नसेल, तर त्या दिवसाचा सराव संपला. तरीही "एकच राउंड" म्हणून जो राउंड केला जातो, त्यात कुत्रा फक्त चुका पाठ करतो.

अशा अवस्थेत बोगदा आणि उड्या बऱ्या होतात, पण वीव्ह पोल्स (नागमोडी पार करायचे उभे खांब) आणि सी-सॉ (चढलं की खाली झुकणारी फळी) कोलमडतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हेच पुढे आलं होतं: उत्तेजना वाढली की सोपं काम निभावतं, अवघड काम लवकर बिघडतं. वीव्हमध्ये १२ खांब, त्यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर, पहिल्या खांबातला प्रवेश डाव्या खांद्याजवळूनच, आणि प्रत्येक खांबाशी शरीराचा तोल बदलायचा. तापलेल्या डोक्याचं ते काम नाही.

उशिरा सांगणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी आणि सगळ्यात कमी लोक मान्य करणारी चूक ही. अडीच वर्षांच्या एका बॉर्डर कॉलीचं उदाहरण घ्या. क्रम साधा होता: उडी, उडी, पाच मीटरचा बोगदा, उजवीकडे वळून उडी. बोगद्यातून बाहेर आला की तो प्रत्येक वेळी मालकिणीकडे झेपावायचा, भुंकायचा आणि जॅकेटची बाही धरायचा. कोपराच्या वर कापड फाटलेलं, खाली दंडावर निळे डाग. लोकांनी सुचवलेले उपाय म्हणजे नाकावर चापट, पाण्याचा फवारा, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी). दोन आठवडे फवारा मारून झाला. कुत्रा बाही सोडून पोटरी धरायला लागला.

मग फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं. त्यात दिसलं ते असं. कुत्रा बोगद्यात शिरतो तेव्हा मालकीण समोरच पाहत धावतेय. तो साधारण सेकंदाभरात बाहेर येतो. तो बाहेर आल्यावर ती त्याच्याकडे बघते, मग उजवा हात उचलते, मग "राइट" म्हणते. तोवर कुत्रा सरळ चार पावलं गेलेला असतो. तो मागे वळतो, तिच्याकडे बघतो, आणि तिथेच पहिली भुंक येते. "आता कुठे?" हा प्रश्न तो विचारत होता. उत्तर मिळेना म्हणून बाही धरत होता.

बोगद्याच्या आत कुत्र्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून वळणाचा शब्द त्याचं नाक बोगद्याच्या तोंडाशी पोचायच्या आत कानावर पडायला हवा, आणि तो आत असताना तुमचे खांदे आणि पाय पुढच्या अडथळ्याकडे वळून धावायला लागलेले हवेत. उडीचंही तसंच. एकदा चारही पाय हवेत गेले की दिशा बदलता येत नाही. उड्डाणाआधीचं शेवटचं पाऊल पडायच्या आत त्याला पुढची दिशा कळायला हवी. तुम्हाला "जरा लवकरच बोललो" असं वाटलं, तर बहुधा बरोबर वेळेला बोललात.

सुधारण्याची पद्धत कंटाळवाणी आहे, पण चालते. कुत्र्याला क्रेटमध्ये (त्याच्या पिंजऱ्यात) ठेवून तोच क्रम एकट्याने दहा वेळा धावा, शब्द मोठ्याने म्हणत, खरे हातवारे करत. कुठल्या पावलाला कुठला शब्द ते पायात बसू द्या. मग कुत्र्याला घेऊन फक्त दोन अडथळे: बोगदा आणि वळणानंतरची उडी. सहा वेळा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी चित्रीकरण बघा. त्या कॉलीच्या बाबतीत पहिल्याच दिवशी ज्या फेऱ्यांत शब्द वेळेवर आला त्यांत तो भुंकला नाही, आणि ज्या दोन फेऱ्यांत उशीर झाला त्यांत बाही धरली. चोक चेनने हे कधीच दिसलं नसतं. भुंकणारा, चावरे दात लावणारा कुत्रा दिसला की आधी हॅण्डलरचे, म्हणजे त्याच्यासोबत धावणाऱ्या माणसाचे, पाय बघावेत, हे माझं ठाम मत आहे.

क्रम चुकलाच, तर कुत्र्याला मध्येच अडवून "नाही!" म्हणू नका. दोन सेकंद शांत उभे राहा, खाऊ द्या, परत सुरुवातीला चला. चूक तुमची असताना बक्षीस रोखून धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मैदानाच्या कडेला बांधून ठेवणं

आपला नंबर येईपर्यंत कुत्रा कडेला पट्ट्यावर उभा, समोर दुसरे कुत्रे सुसाट धावताहेत, आणि मालक गप्पांत. चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात कुत्रा पट्टा ताणून भुंकणं, किंचाळणं आणि झेपावणं यांचा भरपूर सराव करतो. मग त्याचा नंबर येतो, आणि त्याच्या लेखी किंचाळण्याचं फळ म्हणून त्याला मैदानात सोडलं जातं.

क्रेट किंवा गाडी मैदानापासून इतकी लांब हवी की तो आडवा होऊ शकेल. क्रेटवर सुती चादर टाका, एक बाजू वाऱ्यासाठी उघडी. नंबरच्या आधी तीन-चार मिनिटं बाहेर काढा. कडेला नेताना चटई सोबत असू द्या. चटईवर चारही पाय असताना दर काही सेकंदांनी खाऊ, चटईवरच ठेवून. कोपर टेकले की दोन तुकडे. हे आधी घरी स्वयंपाकघरात, मग जिन्यात, मग सोसायटीच्या बागेत, मग मैदानापासून तीस मीटरवर, आणि सगळ्यात शेवटी कडेला शिकवायचं. नवीन लोकांना यातच सगळ्यात जास्त घाई असते. महिनाभर चटई काय करायची, आम्ही तर ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा उंच अडथळा) शिकायला आलोय! पण ज्या कुत्र्याला दुसऱ्याला धावताना बघून चटईवर राहता येत नाही, त्याला ए-फ्रेम शिकवायला घेऊच नये.

स्टार्ट लाइनवरून उठला तरी पुढे जाणं

कुत्रा बसलाय, तुम्ही तीन पावलं गेलात, तो उठून पहिली उडी मारून मोकळा. आणि तुम्ही "चला, ठीक आहे" म्हणून धावायला लागता. अशा कुत्र्याला उडी हीच चिकनहून गोड. न थांबण्याबद्दल तुम्ही त्याला ती देऊन टाकली.

बरेचदा हे उठणंही आपणच शिकवलेलं असतं. सुटण्याचा शब्द आणि हाताचा झटका एकदमच येतो, त्यामुळे कुत्रा शब्द ऐकत नाही, हात बघतो. मग तुम्ही नुसती मान वळवली तरी सुटतो. म्हणून हातपाय पूर्ण स्थिर ठेवून शब्द बोला, मनात "एक" म्हणा, आणि मगच हला.

सरावाला एकच उडी, दांडी खाली. कुत्रा दांडीपासून साधारण दीड-दोन मीटरवर बसलेला. एक पाऊल जा, परत या, बसल्या जागी तोंडात खाऊ. दोन पावलं, परत, खाऊ. पाचातून तीन-चार वेळा परतच यायचं, एखाद्या वेळीच सोडायचं. आधी उठला तर एक शब्दही न बोलता हलक्या हाताने कॉलर धरून मूळ जागी आणा आणि अंतर निम्मं करा. लागोपाठ दोनदा उठला तर तुम्ही फार पुढे गेलात. तीन मिनिटं विश्रांती, मग सोप्यापासून.

सरावात हे पाळणारे लोकही स्पर्धेत फी भरलेली असते म्हणून सोडून देतात. कुत्र्याला एवढंच कळतं की रिंगमध्ये थांबायची गरज नसते.

वेगाची हाव

हा खेळ १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये, घोड्यांच्या जंपिंगच्या धर्तीवर, मधल्या वेळेतला कार्यक्रम म्हणून सुरू झाला. दांडी पडली की दोष, हे गणित तेव्हापासूनचं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या नियमांत पाडलेल्या दांडीला ५ दोष, कॉन्टॅक्ट झोनवर (फळीच्या टोकाचा, पाय टेकावाच लागतो असा रंगीत भाग) पाय न टेकता उडी टाकली तरी ५. ए-फ्रेमचा झोन १०६ सेंटिमीटर, डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉचा ९०. कमी दोषांचा कुत्रा पुढे. वेगाचा विचार त्यानंतर.

कॉन्टॅक्टवरून उडी टाकणाऱ्या कुत्र्यासाठी जमिनीपासून वीतभर उंचीची फळी घ्या. मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, खाऊ पुढच्या पंजांच्या मध्ये जमिनीवर. हे पक्कं झाल्याशिवाय उंची वाढवू नका. सी-सॉवर तापलेला कुत्रा चढवूच नका. फळी टेकायच्या आत तो उडी टाकतो, आणि एकदा वाईट आपटला की पुढचे अनेक महिने भीती काढण्यात जातात.

वीव्हमधून दहाव्या खांबाशी बाहेर पडत असेल तर तुमचा हात बघा. बॉल फेकायची तयारी तिथेच सुरू होते. वीव्ह आणि कॉन्टॅक्टला खाऊ द्या, बॉल आणि टग (ओढाओढीचं खेळणं) उड्या-बोगद्यांसाठी ठेवा. घरी पीव्हीसी पाइपचे खांब केले असतील तर अंतर टेपने मोजा. पावलांनी मोजलेलं चालत नाही.

हाशहुश म्हणजे आनंद नव्हे

यात मात्र जिवाचा प्रश्न आहे. अति उत्तेजित कुत्रा स्वतःहून थांबत नाही, कोसळेपर्यंत धावतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि अंग थंड करायला मुख्यतः धापच असते. मार्च ते मे सकाळी साडेसातच्या आत सराव संपवा. फळी आणि रबर मॅटवर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला भाजत असेल तर त्याच्या पंजांनाही भाजतं. जीभ रुंद होऊन टोक वर वळलं, हिरड्या गडद लाल दिसल्या, चाल डगमगली, तर लगेच सावलीत न्या, अंगभर नळाचं पाणी ओता, वारा घाला, आणि अंग थंड करत करतच पशुवैद्याकडे निघा. आधी गाडी शोधत बसू नका.

थोडक्यात आणखी काही

एका वेळी साठ ते नव्वद सेकंद काम, मग विश्रांती. तासाभरात असे चार-पाच तुकडे खूप झाले. अडथळ्यांचा सराव आठवड्यातून दोन दिवस.

दीड वर्षाच्या आत पूर्ण उंचीच्या उड्या नकोत. एफसीआयच्या स्पर्धेतही १८ महिन्यांच्या आधी उतरता येत नाही.

मध्येच सैरावैरा पळत सुटणं किंवा जमीन हुंगत बसणं बहुतेकदा गोंधळ आणि ताणातून येतं. मागे धावू नका. खाली बसा, बोलवा, पट्टा लावा, अडथळे कमी करा.

आणि काल नीट उडणारा कुत्रा आज अचानक दांड्या पाडतोय, वीव्ह टाळतोय, उतरताना ओरडतोय, तर प्रशिक्षण बाजूला ठेवा. पाठ, खांदे, नखं, पंजे पशुवैद्याकडून तपासून घ्या, आणि तोवर एकही उडी नको.