इंग्रजीतले शॉर्ट फॉर्म: कुठे जोडायचे, कुठे तोडायचे

बोलताना ‘करतो आहे’चं ‘करतोय’ होतं, ‘आलो आहे’चं ‘आलोय’ आणि ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. त्यामुळे ‘आय अ‍ॅम’चं ‘आय’म’ का होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. घोळ पुढे होतो, कारण कुठे जोडायचं याचे आपले नियम आपण नकळत इंग्रजीला लावतो. (खाली इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. त्यांतल्या ’ या खुणेच्या जागीच स्पेलिंगमध्ये अपॉस्ट्रॉफी येतो.)

आधी स्पेलिंग. अपॉस्ट्रॉफी दोन शब्दांच्या सांध्यावर बसत नाही, तर अक्षर गळतं त्या जागी बसतो. ‘नॉट’मधला ओ गळतो, म्हणून खूण एन आणि टीच्या मध्ये: डोन’ट, इजन’ट, डिडन’ट. उत्तरपत्रिकांत सर्रास दिसणारं ‘डी-ओ, खूण, एन-टी’ हे सांध्यावर खूण दिल्यामुळे होतं. ‘वोन’ट’ तेवढा पाठ करायचा. तो ‘विल नॉट’चा शॉर्ट फॉर्म असला तरी ‘विल’च्या एका जुन्या, ओ असलेल्या रूपावरून आला आहे, त्यामुळे अक्षरं जुळवत बसू नका. ‘अ‍ॅम नॉट’ला प्रमाण इंग्रजीत असा जोड नाही. तिथे ‘आय’म नॉट’ म्हणायचं, आणि प्रश्नात चक्क ‘आरन’ट आय?’

आता मुख्य नियम. सहायक क्रियापदावर जोर असेल तर ते जोडायचं नाही. बाकीचे बरेच नियम यातूनच निघतात.

‘आर यू रेडी?’ याचं उत्तर ‘येस, आय अ‍ॅम’. ‘येस, आय’म’ कधीच नाही, कारण ‘अ‍ॅम’नंतरचं ‘रेडी’ गाळलंय आणि सगळा भार ‘अ‍ॅम’वर आलाय. मराठीची सवय नडते ती अशाच जागी. ‘तो कुठंय, मला माहितेय’ हे आपल्याकडे बिनदिक्कत चालतं, म्हणून तोंडातून ‘आय नो व्हेअर ही’ज’ निघून जातं. बरोबर वाक्य ‘आय नो व्हेअर ही इज’. तसंच ‘शी’ज टॉलर दॅन आय अ‍ॅम’: पहिलं जोडलेलं, शेवटचं सुटं. वाक्य जिथे संपतं किंवा पुढचा शब्द जिथून गाळलेला असतो, तिथे सुटंच ठेवा. ‘नॉट’वाल्या रूपांना मात्र ही अट नाही. ‘नो, आय कान’ट’ हे अगदी बरोबर, कारण ते रूप जोर पेलू शकतं.

कुणी म्हणालं, ‘यू’र नॉट ट्राइंग’, तर उत्तर ‘आय अ‍ॅम ट्राइंग!’ आपणही चिडल्यावर ‘करतोय’ सोडून ‘करतो आहे ना!’ म्हणतोच.

‘हॅव’च्या बाबतीत थोडं जपून. ‘आय’व्ह सीन इट’ ठीक, कारण तिथे ‘हॅव’ मदतनीस आहे. पण ‘माझ्याकडे गाडी आहे’साठी ‘आय’व्ह अ कार’ जुन्या वळणाचं ब्रिटिश वाटतं. ‘आय हॅव अ कार’ किंवा ‘आय’व्ह गॉट अ कार’ म्हणा. ‘मला जायचंय’लाही ‘आय हॅव टू गो’ असं पूर्णच.

ऐकताना आणि वाचताना खरी कसोटी असते एस आणि डीची. खुणेनंतरचा एस म्हणजे ‘इज’ किंवा ‘हॅज’ (आणि ‘लेट’स’मध्ये ‘अस’). ओळखायचं पुढच्या शब्दावरून. पुढे आयएनजीवालं रूप, विशेषण किंवा नाम असेल तर ‘इज’. ‘बीन’ किंवा ‘गॉट’ असेल तर ‘हॅज’. क्रियापदाचं तिसरं रूप आलं की अर्थ बघावा लागतो: ‘शी’ज फिनिश्ड द वर्क’मध्ये काम तिनं केलंय, म्हणून ‘हॅज’, ‘इट’स मेड ऑफ वुड’मध्ये ती वस्तू बनलेली आहे, म्हणून ‘इज’. डीचं गणित सोपं आहे. पुढे पहिलं रूप असेल तर ‘वुड’, तिसरं असेल तर ‘हॅड’. ‘आय’ड गो’ म्हणजे ‘वुड गो’, ‘आय’ड गॉन’ म्हणजे ‘हॅड गॉन’. दोन अपवाद लक्षात ठेवा: ‘यू’ड बेटर’मध्ये ‘हॅड’ आणि ‘आय’ड रादर’मध्ये ‘वुड’.

हे ओळखता आलं की आपल्याकडचा तो सुप्रसिद्ध ‘इजन’ट इट’ही सुटतो. मराठीत कुठल्याही वाक्याला ‘ना?’ जोडता येतं, म्हणून आपण इंग्रजीतही प्रत्येक वाक्यामागे ‘इजन’ट इट?’ लावतो. इंग्रजीत शेपूट आधीच्या क्रियापदावरून ठरतं: ‘यू’र कमिंग, आरन’ट यू?’, ‘ही’ज लेफ्ट, हॅजन’ट ही?’, ‘ही’ज लेट, इजन’ट ही?’ शेवटच्या दोन वाक्यांत ‘ही’ज’ सारखाच दिसतो, शेपूट मात्र वेगळं.

उच्चारात मराठी जिभेला सगळ्यात महाग पडते ‘वोन’ट’ आणि ‘वॉन्ट’ची जोडी. ‘आय वोन’ट पे’चं ‘आय वॉन्ट पे’ झालं तर समोरचा गोंधळणारच. ‘वोन’ट’मध्ये ओठ गोल करून ‘ओ’ लांबवा आणि त्याला शेवटी किंचित ‘उ’ची छटा येऊ द्या. ‘वॉन्ट’मध्ये तोंड ‘ऑ’साठी उघडं राहतं. ‘मसन’ट’मध्ये पहिला टी आणि ‘कुडन’ट’मध्ये एल उच्चारत नाहीत. अमेरिकी माणसाच्या ‘कॅन’ आणि ‘कॅन’ट’मध्ये (वरच्या ‘कान’ट’चाच अमेरिकी उच्चार) फरक टीवरून कळत नाही, कारण तो जवळजवळ ऐकूच येत नाही. फरक कळतो तो जोरावरून: होकारात ‘कॅन’ पुसट होऊन ‘कन्’ होतो, नकारात ‘कॅ’ ठसठशीत राहतो. कॉल सेंटरमध्ये किंवा पैशाच्या बोलण्यात शंका नको असेल, तर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा. त्यात काही गावंढळ नाही.

लिहिताना कुठे वापरायचे? मेसेज, ओळखीच्या सहकाऱ्याला मेल, मित्राला पत्र: खुशाल. अर्ज, करार, संशोधनपर लेख, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध: पूर्ण रूपं. मात्र प्रश्नातला शॉर्ट फॉर्म सोडवून पूर्ण लिहिताना शब्दक्रम बदलतो. ‘डोन’ट यू अ‍ॅग्री?’चं औपचारिक रूप ‘डू यू नॉट अ‍ॅग्री?’ ‘डू नॉट यू’ होत नाही. आणि ‘शुड’व्ह’ कानाला ‘शुड ऑफ’सारखं लागतं म्हणून ओ-एफ लिहू नका. तो ‘हॅव’ आहे.

फोनच्या कीबोर्डवर फार विसंबू नका. ‘डोन’ट’ची खूण राहिली तर तो सहसा भरून देतो, कारण खुणेशिवाय तो शब्दच होत नाही. पण ‘वी’र’ची खूण गळली की ‘आर’चं भूतकाळी ‘वर’ होतं, ‘आय’ल’चं ‘इल’ म्हणजे आजारी, ‘वी’ल’चं ‘वेल’, ‘शी’ल’चं ‘शेल’. हे सगळे खरे शब्द असल्यामुळे दुरुस्ती होईलच असं नाही. ‘इट’स’ आणि बिनखुणेचा ‘इट्स’ यांचंही तेच. पाठवण्याआधी त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ घालून वाचा. वाक्य जुळलं तर खूण द्या, ‘त्याचा, त्याची’ असा अर्थ निघाला तर काढून टाका. ‘यू’र’, ‘दे’र’ आणि ‘हू’ज’लाही हीच चाचणी लावा.