चिऱ्याच्या घरातलं वायफाय सारखं तुटतंय? या चुका टाळा

मे महिन्यात देवगडला काकूकडे गेलो होतो. चुलतबहीण पुण्यातल्या एका ऑफिसचं काम घरूनच करते. पडवीत टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा. काकू आतून विचारायची, "परत गेला? आता काय करूचा?" तोपर्यंत तीन तक्रारी करून झाल्या होत्या, जास्त स्पीडचा प्लॅन घेऊन झाला होता, माणूस येऊन राउटरही बदलून गेला होता. तरी रडगाणं तेच.

एवढं सगळं झालं, पण नेट नेमकं कुठे तुटतंय ते कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्या कॉम्प्युटरपर्यंत नेट दोन टप्प्यांत येतं. बाहेरून राउटरपर्यंत वायरने, आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत हवेतून. पहिला टप्पा नेट देणाऱ्या कंपनीचा, दुसरा आपल्या घरातला. दुसऱ्या टप्प्यात बिघाड असेल तर प्लॅन कितीही मोठा घ्या, काडीचा फरक पडत नाही.

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात आणि पैसा लागत नाही. विंडोजच्या सर्चमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप केली की काळी खिडकी उघडते. तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत सलग लिहून एंटर दाबा. 'डिफॉल्ट गेटवे'समोर जो आकडा येतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता इंग्रजीतच पिंग लिहा, जागा सोडून हा पत्ता, परत जागा सोडून उभी न काढता आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून टी. एंटर दाबलं की दर सेकंदाला एक ओळ येत राहते. राउटरला हाक मारली आणि तो किती मिलिसेकंदांत ओ देतो, ते त्या ओळीत दिसतं. तशीच दुसरी खिडकी उघडून तिथे ८.८.८.८ हा पत्ता द्या. हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे बाहेरचं जग. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी ठेवा आणि नेट जाण्याची वाट बघा.

बहिणीच्या लॅपटॉपवर राउटरची खिडकी आधी २, ३, २ अशी शांत चालली होती. मग अचानक ८०, २१०, आणि लागोपाठ चार ओळी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे दहा-बारा पावलांवरच्या राउटरलाच हाक पोचत नव्हती. कंपनीचा काही दोष नव्हता. राउटरची खिडकी शांत आणि ८.८.८.८ ची मात्र अडखळत असती, तर गोष्ट उलटी झाली असती. नुसत्या स्पीड टेस्टवर विसंबू नका, ते याचसाठी. स्पीड टेस्ट अर्ध्या मिनिटात संपते, आणि तेवढ्यात नेट तुटलं नाही तर सगळं उत्तम दाखवते.

आणखी एक फसवी तपासणी म्हणजे 'फोनवर तर चालतंय!'. वायफाय अशक्त झालं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. फोनवर तपासायचंच असेल तर आधी डेटा बंद करा, आणि कॉम्प्युटर ठेवतो त्याच जागी उभं राहून बघा.

राउटर फडताळात ठेवू नका

काकूच्या घरी राउटर माजघरातल्या फडताळात होता. एका बाजूला पितळेचे डबे, दुसऱ्या बाजूला स्टीलचा डबा, वर धूळ बसू नये म्हणून दार लावलेलं. लॅपटॉप पडवीत, मध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या दोन भिंती.

वायफायचे राउटर येतात ते शहरातल्या फ्लॅटचा विचार करून. तिथल्या आतल्या भिंती चार-पाच इंचांच्या विटांच्या. आपला चिरा नऊ इंच नि त्याहून जाड, शिवाय सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे एप्रिलमध्ये पडवीत नीट मिळणारी रेंज जुलैमध्ये मिळत नाही, ही नुसती समजूत नाही. पडणारा पाऊस घरातलं वायफाय अडवत नाही, भिजलेली भिंत अडवते. त्यात हल्ली पडवीला झावळीच्या झापांऐवजी पत्रे लावतात. झापातून लहर सहज जायची, पत्र्यावरून ती परत फिरते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, डासांची धातूची जाळी यांचंही तेच.

जुन्या कौलारू घराची एक सोय मात्र आहे, आणि ती फार कमी जण वापरतात. आतल्या भिंती पुष्कळदा कौलांपर्यंत गेलेल्या नसतात, वर मोकळी जागा असते. राउटर माजघरात तुळईच्या उंचीला, उघड्यावर टांगला की लहर भिंतीतून न जाता भिंतीवरून जाते. काकूकडे एवढंच केल्यावर पडवीतली रेंज एका कांडीवरून तीनवर आली. फक्त हौसेने थेट माळ्यावर नेऊ नका. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि तापलेला राउटर अडखळतो, स्वतःहून बंद-चालूही होतो.

निळ्या पोर्टमधली हार्ड डिस्क

रेंज वाढली तरी बहिणीचं नेट अधूनमधून जातच होतं. मग लक्षात आलं, ती बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क जोडते तेव्हाच पिंग बिघडतो. डिस्क काढली, २, ३, २. जोडली, पुन्हा टाइम्ड आउट. आम्ही तीनदा करून पाहिलं.

यूएसबी ३ चं पोर्ट, बहुतेक वेळा आतून निळं असतं ते, डेटा जाताना रेडिओ गोंगाट करतं, आणि वायफाय ज्या रेडिओ-पट्ट्यांवर चालतं त्यांतल्या नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो गोंगाट पडतो. इंटेलनेच २०१२ साली यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. लॅपटॉपचं वायफाय याच पट्ट्यावर असेल आणि डिस्क त्याला खेटून असेल, तर लॅपटॉपला राउटरचं ऐकूच येत नाही. उपाय साधा आहे: चांगली जाड केबल घेऊन डिस्क हातभर लांब ठेवायची, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर जोडायचा.

टेबलावरच्या कॉम्प्युटरला हा त्रास जास्त. त्याचा वायफाय डोंगल, म्हणजे वायफाय पकडणारी पेनड्राइव्हसारखी कांडी, आपण पाठीमागे खोचतो, लोखंडी कॅबिनेटच्या आड, भिंतीकडे तोंड करून, आणि अनेकदा शेजारच्याच पोर्टमध्ये पेनड्राइव्ह. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणून ठेवा. शंभर-दोनशे रुपयांत होणारा याच्याइतका गुणकारी उपाय मला माहीत नाही.

दोन पट्ट्यांचा घोळ

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूर जातो, भिंत त्यातल्या त्यात पार करतो, पण तिथे गर्दी फार. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ च्या आसपास चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण चिऱ्यापुढे लवकर हार मानतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर कॉम्प्युटर सारखा इकडून तिकडे उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीला मीटिंग अडकते. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या. राउटर त्याच खोलीत असेल तर ५, भिंतीपलीकडे असेल तर २.४. २.४ वर चॅनल ऑटो न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी आजूबाजूला कमी वापरात असलेला निवडा. हे तिघेच एकमेकांच्या पायात येत नाहीत. वाडीत घरं लांब लांब असतील तर याने फारसा फरक पडणार नाही. बाजारपेठेत, बिल्डिंगमध्ये मात्र पडतो.

रेंज जिथे मरते तिथेच रिपीटर

हे तर घरोघरी. पडवीत रेंज नाही म्हणून रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, पडवीतच लावतात. त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? तो निम्म्या वाटेवर हवा, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. त्यातून एकाच पट्ट्यावर चालणारा स्वस्त रिपीटर वेग साधारण निम्मा करतो, कारण ऐकणं आणि बोलणं त्याला आळीपाळीने करावं लागतं.

कॉम्प्युटर एकाच जागी असेल तर मी सरळ लॅन केबल, म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत वायर, सुचवतो. कॅट ६ ची केबल शंभर मीटरपर्यंत चालते, माळ्यावरून कोपऱ्याकोपऱ्याने नेता येते. उंदरांचा त्रास असेल तर पीव्हीसी पाइपातून न्या.

खारा वारा आणि वीज

समुद्राजवळच्या घरात आणखी एक शत्रू असतो. लॅन केबलची पिन काढून उजेडात धरा. आठ सोनेरी पट्ट्या दिसायला हव्यात. काकूकडच्या पिनेत दोन पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड होती. खाऱ्या दमट हवेने तांबं खाल्लं की अशी पूड धरते. ते घासत बसू नका, पट्ट्यांवरचा मुलामा जातो. पिन कापून नवी बसवून घ्या, पाच मिनिटांचं काम. अडॅप्टरची गोल पिन आणि राउटरमधली तिची जागाही बघा. सैल किंवा काळी पडली असेल तर राउटर क्षणभर बंद पडून परत चालू होतो, आणि आपल्याला वाटतं नेट गेलं. फायबरच्या, म्हणजे बाहेरून नेट आणणाऱ्या काचेच्या केबलच्या, टोकाला मात्र हात लावू नका, त्यात डोकावूही नका. आतला लेझर डोळ्याला दिसत नाही.

अडॅप्टर जळला की घरातला दुसरा कुठलाही लावायचा, ही चूकही नेहमीची. जुन्यावर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलं असेल तर नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. अर्ध्या अँपिअरचा लावला तर दिवे लागतात, पण जरा काम वाढलं की राउटर दम सोडतो. वीज सारखी येत-जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. वीज सेकंदभर गेली तरी राउटरला परत उभं राहायला दोन-तीन मिनिटं लागतात, ती वाचतात.

आणि वळवाच्या, परतीच्या पावसात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग काढा. खांबावरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर तीही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, तांब्यातून येते.

कॉम्प्युटरमधलं थोडं

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असतं. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या, अशा अर्थाच्या चौकटीतली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे ड्रायव्हर (वायफायचं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) तेवढा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. पिंग चालतो पण साइट उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ करून बघा. जुन्या कॉम्प्युटरवर प्रत्येक साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि दोष नेटच्या माथी येतो.

राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणीने रीसेटचं बटण दाबून धरणं वेगळं. रीसेटने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, आणि माणूस येईपर्यंत नेट बंद. गणपतीत असं झालं तर दीड दिवस तरी विसरा.

तक्रार करताना

गणपतीत चाकरमानी आले की वाडीतल्या एकाच लाइनवर ताण येतो. त्या दिवसांत राउटरची खिडकी शांत आणि बाहेरची अडखळती दिसली, तर दोष खरोखर बाहेरचा. राउटरवरचा एलओएसचा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नाही हे सांगणारा, लाल दिवा लागला असेल तर फायबर तुटलाय किंवा कुठेतरी करकचून वाकलाय. झाडाची फांदी पडलीय का, केबल खिडकीच्या फटीत चेपलीय का, तेवढं बघून मग फोन करा. 'नेट स्लो आहे' म्हणालात तर पलीकडून राउटर बंद-चालू करायला सांगतात. त्यापेक्षा बहिणीने ऑगस्टमध्ये केली तशी तक्रार करा: "केबलने जोडून बघितलंय. राउटरला पिंग १, बाहेर साडेतीनशे, संध्याकाळी साडेसात ते दहा, गेले चार दिवस. लाल दिवा नाही." तिला कुणी राउटर बंद-चालू करायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माणूस थेट खांबावर चढला.