पर्यावरणवादी समीक्षेचा शोधनिबंध लिहिताना

सांगलीत एम. ए. मराठीला असताना मी पहिला पर्यावरणवादी, म्हणजे साहित्यातले माणूस आणि परिसर यांचे नाते तपासणारा शोधनिबंध लिहायला घेतला तो व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५). कादंबरीत जिथे जिथे माळ, झाड, पाखरू किंवा पाऊस आला, तिथली वर्णने मी उतरवून घेतली आणि त्यांना 'निसर्गचित्रण' असे नाव दिले. मसुदा बराच मोठा झाला, पण त्यात प्रश्नच नव्हता. त्यामुळे लिहिणाऱ्याने सर्वप्रथम हे पाहावे की, निवडलेल्या कलाकृतीतून तो परिसर काढून टाकला तर कथानक उभे राहते का. 'बनगरवाडी'त पाऊस पडत नाही, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते आणि शाळाही बंद पडते. कादंबरीचा नायक असलेल्या शाळेच्या मास्तरने वाडीसाठी जीव तोडून जे उभे केले ते अखेरीस पावसावर अवलंबून होते, हे लक्षात आल्यावरच मला माझा प्रश्न सापडला: वाडी टिकण्यात माणसाच्या प्रयत्नांचा वाटा किती आणि भूमीचा किती, याविषयी ही कादंबरी काय म्हणते?

प्रश्न ठरल्यावर पुन्हा वाचन करावे आणि या वेळी विशेषणांपेक्षा क्रियापदे टिपावीत. मी वहीच्या पानाला तीन रकाने पाडले: पृष्ठ क्रमांक, परिसरातील घटक आणि त्याचे क्रियापद. पाऊस नुसता 'दिसतो' की 'हुलकावणी देतो', मेंढरू कुणाच्या मालकीचे म्हणून येते की स्वतः भुकेने हिंडते, हे एकदा समोरासमोर मांडले की कलाकृतीत कर्ता कोण आहे ते उलगडू लागते. माझ्या निबंधाचा कणा या वहीतून तयार झाला. समीक्षेच्या पुस्तकांनी त्याला नंतर आधार दिला.

भूगोलाची माहिती अवश्य द्यावी, पण ती विवेचनाच्या कामाची असावी. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात ५०० मिलिमीटरच्या आसपास; आटपाडी, जत हा सांगलीचा पूर्वभागही त्याच कोरड्या पट्ट्यात येतो. कादंबरी याच पट्ट्यातल्या माणदेशात घडते. हे सांगितले की कादंबरीतला दुष्काळ अचानक कोसळलेले संकट न राहता त्या भूमीचा नेहमीचा धोका ठरतो, आणि शेवटाचा अर्थ बदलतो. मात्र आजची आटपाडी पाहून कादंबरी वाचू नये. टेंभू उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी आणि डाळिंबाच्या बागा आता तिथे आहेत. माडगूळकरांच्या वाडीला यांतले काही ठाऊक नव्हते.

शब्दांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. माळ म्हणजे रान नव्हे आणि रान म्हणजे जंगल नव्हे. माणदेशात 'रान' म्हटले की बहुधा कसायची जमीन अभिप्रेत असते. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवतो तेव्हा त्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. माणूस, जनावर आणि जमीन यांचा हा व्यवहार ज्याला ठाऊक नाही, त्याला मेंढरांचे मरणे केवळ करुण वाटेल. प्रत्यक्षात त्याने एक संपूर्ण साखळी तुटते. म्हणूनच शक्य असेल तर एखाद्या धनगर कुटुंबाशी बोलावे, परंतु त्यांच्या बोलण्याला कादंबरीचा पुरावा मानू नये.

लेखकाला 'पर्यावरणवादी' ठरवण्याचा मोहही टाळावा. अमेरिकन समीक्षक विल्यम रूकर्ट यांनी 'इकोक्रिटिसिझम' (पर्यावरणवादी समीक्षा) ही संज्ञा १९७८ मध्ये वापरली, म्हणजे कादंबरीनंतर 23 वर्षांनी. आपली दृष्टी आजची आहे, हे निबंधात स्पष्ट लिहिले की काम सचोटीचे होते. तुलनेसाठी माडगूळकरांचीच 'सत्तांतर' ही वानरांची कादंबरी घेता येते. तिथे माणूस केंद्रस्थानीच नाही.

निबंध सादर करण्यापूर्वी मी एक काम केले. जिथे 'निसर्ग' हा शब्द आला होता तिथे तो खोडून माळ, ओढा, मेंढरू, पाऊस यांपैकी नेमका शब्द घातला. काही वाक्यांत कोणताच शब्द बसेना. त्या वाक्यांमागे कादंबरीतले एकही पृष्ठ नव्हते, म्हणून ती मी काढून टाकली.