व्हीपीएन आणि टॉर एकत्र वापरताना या चुका टाळा

व्हीपीएन आणि टॉर एकत्र लावले की गोपनीयता दुप्पट होते, असा समज पुण्यातल्या विद्यार्थ्यांमध्ये आणि आयटीतल्या मित्रांमध्येही मला वारंवार आढळतो. प्रत्यक्षात या दोन साधनांची कामे वेगळी आहेत. व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेट वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सांकेतिक जोडणी; ते वापरताना सारा विश्वास त्या एकाच कंपनीवर टाकावा लागतो. टॉर हे ओळख लपवणारे जाळे आहे आणि टॉर ब्राउझर त्यातूनच चालतो; त्यात मात्र तुमची माहिती तीन वेगवेगळ्या नोडमधून, म्हणजे मधल्या संगणकांमधून, जाते. पहिल्या नोडला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसतो पण तुम्ही कोठे चालला आहात ते कळत नाही, आणि शेवटच्या नोडला संकेतस्थळ कळते पण तुम्ही कोण ते कळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी व्हीपीएन जोडावे आणि मगच टॉर ब्राउझर उघडावा. अशा वेळी वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या वायफायला फक्त व्हीपीएन दिसते, तर व्हीपीएन कंपनीला तुम्ही टॉर वापरता एवढेच समजते. उलट क्रम लावला, म्हणजे टॉरमधून व्हीपीएन जोडले, तर तुम्ही कोणती संकेतस्थळे पाहता ते पुन्हा त्याच एका कंपनीच्या हाती जाते. शिवाय तिचे पैसे स्वतःच्या यूपीआयवरून भरले असतील, तर नावही तिच्याकडे आहेच. टॉर वापरत असल्याचे लपवण्याची गरज नसेल, तर माझ्या मते नुसता टॉर ब्राउझर पुरेसा आहे.

‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या व्हीपीएन कंपन्यांच्या जाहिरातीवर विसंबून राहू नये. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवणे अपेक्षित आहे, आणि त्यानंतर काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले.

सर्वांत घातक चूक याहून साधी आहे. टॉर ब्राउझर उघडून त्यातच रोजच्या जीमेलमध्ये लॉगिन केले, की तीन नोडांची सारी मेहनत वाया जाते. त्यात वेगळी एक्स्टेन्शन टाकू नयेत आणि टॉरवरून टॉरेंट चालवू नये, कारण टॉरेंटचे सॉफ्टवेअर स्वतःच तुमचा खरा आयपी पत्ता सांगून टाकू शकते. टॉर ब्राउझर फक्त स्वतःपुरते संरक्षण देतो, हेही ध्यानात ठेवावे. शेजारी उघडे असलेले व्हॉट्सॲप टॉरमधून जात नाही.

जोडणीच होत नसेल तर काय करावे? सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत आम्ही एका मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर तासभर झटलो, व्हीपीएनचे सर्व्हर बदलले, टॉर ब्राउझर पुन्हा टाकला, तरी जोडणीची पट्टी पुढे सरकेना. शेवटी पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले, तर तारीख चार दिवस मागे होती. टॉरला घड्याळ बरोबर लागते. तारीख सुधारताच मिनिटभरात जोडणी झाली. त्यामुळे आधी घड्याळ पाहावे, मग व्हीपीएन बंद करून फक्त टॉर चालतो का ते तपासावे. तसा चालला, तर अडथळा व्हीपीएनचा आहे. तरीही चालला नाही, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्नोफ्लेक किंवा ओबीएफएस४ ब्रिज, म्हणजे टॉरपर्यंत नेणारी आडवाट, निवडावा.

व्हीपीएन मध्येच तुटले तर टॉरची जोडणी थेट तुमच्या इंटरनेट कंपनीच्या नजरेस पडते, म्हणून किल स्विच, म्हणजे व्हीपीएन तुटताच इंटरनेट अडवणारी सोय, चालू ठेवावा. तो खरोखर काम करतो का, हे पाहण्यासाठी एखादे पान उघडत असताना आहे त्या वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जावे. व्हीपीएन पुन्हा जुळेपर्यंत पान अडून राहिले पाहिजे.