फॉरमॅट मारला, तरी कॉम्प्युटर उठायला वेळ घेतोय?

कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि चहाचं आधण ठेवायचं, हा माझा दोन वर्षांचा शिरस्ता. चहा उकळून, गाळून, पहिला घोट पोटात जाईपर्यंत डेस्कटॉप दिसायला लागायचा. मी गिरगावात घरूनच डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, अहवाल, मंडळांची पावती पुस्तकं वगैरे. गणपतीच्या आधीच्या महिन्यात हा चहा परवडेनासा झाला, तेव्हा लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात डबा नेला. नवी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, तिच्याहून कितीतरी चपळ डिस्क) बसवली, विंडोज नव्याने टाकून घेतली. "मक्खन चलेगा," असं आश्वासनही मिळालं. घरी आणून बटण दाबलं आणि मोबाइलवर वेळ लावली. ३ मिनिटं ४० सेकंद.

शेजारच्या काकू डोकावल्या. "परत फॉरमॅट मारून घे रे. आमच्या भाच्याने दोनदा मारला, तेव्हा कुठे चालला."

हे सगळेच सांगतात. पण कॉम्प्युटर सुरू होण्याचे तीन टप्पे असतात आणि फॉरमॅटने बरा होतो तो त्यातला बहुधा शेवटचा. दुखणं पहिल्या टप्प्यात असेल तर दहा वेळा विंडोज टाका, फरक शून्य. म्हणून आधी वेळ नेमका कुठे जातोय ते शोधायचं.

आधी एक-दोन दिवस जाऊ द्या

नवी विंडोज पहिल्या दिवशी आतल्या आत बरंच काही करत असते. अपडेट उतरवते, ड्रायव्हर (कॉम्प्युटरचा एकेक भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) शोधते, फाइलींची सूची बनवते, अँटिव्हायरसची पहिली तपासणी करते. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरच असेल तर या काळात ती रडतखडतच चालणार. एक रात्र कॉम्प्युटर चालू ठेवा आणि पॉवर सेटिंगमधून स्लीप तेवढ्यापुरतं बंद करा. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन, 'अप टू डेट' असं दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासा आणि रीस्टार्ट करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल आणि तो 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजूनमापून वापरायचं इंटरनेट, म्हणून नोंदला असेल, तर विंडोज बरीच अपडेट आपणहून उतरवत नाही. एक दिवस कोणाचं तरी वायफाय मागा.

मग घड्याळ लावा

मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये 'लॅप'चं बटण असतं. तीन नोंदी घ्या.

१. पॉवरचं बटण दाबल्यापासून ठिपक्यांचं वर्तुळ फिरायला लागेपर्यंत. हल्ली हे वर्तुळ बऱ्याचदा कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोखालीच फिरतं, तेव्हा लोगोकडे नाही, वर्तुळाकडे बघायचं.

२. वर्तुळापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत.

३. पासवर्ड टाकल्यापासून एखादी फाइल खरोखर उघडेपर्यंत. डेस्कटॉप दिसला म्हणजे सुरू झाला असं नाही.

माझी नोंद होती २ मिनिटं ५ सेकंद, २५ सेकंद आणि १ मिनिट १० सेकंद. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ विंडोजचा पत्ताच नव्हता!

हीच मोजणी एकदा 'शट डाउन' करून आणि एकदा 'रीस्टार्ट' करून घ्या. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तोच उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून होतं. म्हणून रीस्टार्ट झटपट आणि रात्री बंद करून सकाळी लावलेला कॉम्प्युटर संथ, असं उलटं चित्र दिसलं तर ही सोयच अडखळतेय. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज' अशी सुरू होणारी निळी ओळ दाबून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'समोरची खूण काढा. दोन दिवस बघा. फरक नसेल तर परत लावा.

पहिला टप्पा: विंडोज यायच्या आधी

इथे मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी डब्यातली मुख्य पाटी, काम करत असतो. रॅम, डिस्क, यूएसबीला लावलेल्या वस्तू, सगळ्यांची हजेरी घेतो. एखादी वस्तू हाकेला ओ देत नसेल तर हा बिचारा थांबून राहतो. त्याने किती वेळ घेतला ते बहुतेक नव्या कॉम्प्युटरवर विंडोजच सांगते. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप अॅप्स'वर जा. वर उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंद दिलेले असतात.

हा आकडा मोठा असेल तर माउस आणि कीबोर्ड सोडून यूएसबीचं सगळं काढा आणि पुन्हा मोजा. विंडोज टाकायला वापरलेला पेन ड्राइव्ह मागच्या बाजूला तसाच राहिलेला मी स्वतः दोन घरांत पाहिलाय. नंतर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा. चालू करताना डिलीट, एफ२ किंवा एफ१० यांपैकी एक बटण सारखं दाबत राहायचं, कंपनीगणिक ते बदलतं. तिथे बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर हवा. वर 'नेटवर्क' किंवा 'पीएक्सई' असेल तर कॉम्प्युटर आधी केबलवरून कोणी विंडोज देतंय का, याची वाट बघत बसतो. घरात कोण देणार? ते बंद करा.

दर वेळी तारीख मागे गेलेली दिसत असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपलाय. चहा-वड्याच्या पैशांत मिळतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढून रॅम नीट न लागण्याचे प्रकार होतात. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, रॅमची पट्टी काढून तिच्यावर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा झटकून परत बसवा. अगदी नवा, एएमडी प्रोसेसरसाठीच्या एएम५ बोर्डाचा आणि डीडीआर५ रॅमचा कॉम्प्युटर असेल तर पडदा काही वेळ काळा राहणं हा बिघाड नाही. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' चालू केलं की ही जुळवाजुळव दर वेळी होत नाही.

आता माझी २ मिनिटं ५ सेकंद. दुकानदाराने नवी एसएसडी बसवली, पण फोटो असलेली जुनी हार्ड डिस्कही आत तशीच लावून ठेवली होती. मीच तसं सांगितलं होतं. ती डिस्क मरायला टेकली होती आणि बोर्ड दर वेळी तिच्या उत्तराची वाट बघत होता. हे कळल्यावर मी तिची केबल काढली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' या अर्थाची एक ओळ. विंडोज तर एसएसडीवर होती!

झालं असं होतं की विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या आणि जुनीवर आधीच्या विंडोजचं छोटं 'ईएफआय' पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला कप्पा) असलं, तर नवी विंडोज स्वतः एसएसडीवर बसते, पण तिला जागं करणारा तुकडा जुन्या डिस्कवरच्या त्या पार्टिशनमध्ये टाकू शकते. घर नवं, किल्ली जुन्या घरात. तुमच्याकडे दोन डिस्क असतील तर केबल काढण्याआधी हे तपासा. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' असं लिहिलेला छोटा चौकोन ज्या पट्टीत सी ड्राइव्ह आहे तिच्यातच असला पाहिजे. दुसऱ्या पट्टीत असेल तर किल्ली तिकडे आहे.

यावर खटपटीचे उपाय आहेत, पण विंडोज नुकतीच टाकली असेल तर सर्वांत सोपा म्हणजे परत टाकणे. एसएसडीवर काही साठवलं असेल तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या 'मीडिया क्रिएशन टूल'ने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या. कॉम्प्युटर बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा, आत फक्त एसएसडी राहू द्या. इन्स्टॉल करताना डिस्कची यादी येते तिथे एसएसडीवरची सगळी पार्टिशन उडवा आणि मोकळी जागा निवडून पुढे जा, बाकीचं विंडोज करते. याच कॉम्प्युटरवर आधी अस्सल विंडोज चालू झालेली असेल तर 'प्रॉडक्ट की' विचारल्यावर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा आणि तीच आवृत्ती टाका. इंटरनेट मिळालं की ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन पात्र असेल तर एवढ्या खटाटोपात ११ च टाका.

एक किरकोळ गोष्ट. चालू करताना निळ्या पडद्यावर दोन विंडोजची नावं येऊन 'कोणती हवी' असं विचारत असेल, तर तिथेच ३० सेकंद जातात. सर्चमध्ये 'एमएसकॉन्फिग' शोधा, 'बूट'मध्ये जुनं नाव निवडून डिलीट करा. 'करंट ओएस' असं लिहिलेल्याला हात लावू नका.

दुसरा टप्पा: वर्तुळ फिरतंय, फिरतंय

इथे डिस्क आणि ड्रायव्हर यांचा हिशेब असतो. विंडोज अजून हार्ड डिस्कवरच असेल तर फार डोकं लावू नका. हार्ड डिस्कमध्ये सुई फिरत्या तबकडीवर पुढेमागे करते, सेकंदाला विखुरलेली शंभरेक वाचनं म्हणजे तिची कमाल. सुरू होताना विंडोजला हजारो छोट्या फाइली लागतात. एसएसडी घ्या, तीही साधी साटाची (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) चालेल.

एसएसडी असूनही वेळ लागत असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. पिवळ्या त्रिकोणाची खूण किंवा 'डिस्प्ले अॅडॅप्टर'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' असं नाव दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेटचा (मदरबोर्डच्या मुख्य चिपचा), मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी सॉफ्टवेअरं टाळा, ती स्वतःच तिसऱ्या टप्प्याचं दुखणं होऊन बसतात.

डिस्कची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसते. निळं 'गुड' म्हणजे ठीक, पिवळं 'कॉशन' म्हणजे सावध. हार्ड डिस्कच्या यादीतल्या ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे शून्य नसतील तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा, बाकीची दुरुस्ती मागाहून. सी७ चा आकडा वाढत असेल तर बरेचदा केबलच खराब असते.

आणखी खोलात जायचं असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये जा. 'अॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', मग 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स', 'ऑपरेशनल'. क्रमांक १०० च्या नोंदीत सुरू व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, ९५००० म्हणजे ९५ सेकंद. १०१ मध्ये उशीर करणाऱ्या प्रोग्रॅमचं, १०२ मध्ये ड्रायव्हरचं आणि १०३ मध्ये सर्व्हिसचं नाव सापडतं. चोर नावानिशी पकडायची ही जागा, तरी फारसं कोणी इकडे फिरकत नाही.

तिसरा टप्पा: पासवर्ड टाकला, आता?

टास्क मॅनेजरच्या त्याच 'स्टार्टअप अॅप्स'च्या यादीत 'हाय' असं लिहिलेली आणि रोज न लागणारी नावं 'डिसेबल' करा. मीटिंगची, चॅटची, गेमची अॅप्स यातच असतात. प्रोग्रॅम उडत नाही, फक्त आपणहून उठत नाही. आवाज, टचपॅड आणि अँटिव्हायरस राहू द्या. अँटिव्हायरस मात्र एकच. दुकानातून 'ऑफिस फुकट टाकून दिलंय' असं ऐकलं असेल तर त्यासोबत आलेला अॅक्टिव्हेटर (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम) दर वेळी उठत असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो तेवढंच करतो याची हमी कोण देणार? असं असेल तर विंडोज नव्याने, स्वच्छ टाकलेली बरी.

माझ्या १ मिनिट १० सेकंदांत दुकानाने भेट दिलेला दुसरा अँटिव्हायरस होता, आणि माझं स्वतःचं पाप. विंडोज आल्या आल्या मी जपून ठेवलेले सगळे, चौदाशेच्या आसपास फॉन्ट एका दमात टाकले होते. आता रोजचे साठ ठेवलेत, बाकीचे एका फोल्डरमध्ये. एखाद्या मंडळाला तो ऐंशीच्या दशकातला जाडजूड अक्षरांचा थाटच हवा असला की तेवढ्यापुरता टाकतो.

एवढं करूनही दुकानात जावं लागलं तर नुसतं "स्लो चल रहा है" म्हणू नका, नाहीतर परत फॉरमॅट मारून मिळेल. तिन्ही लॅपचे आकडे आणि डिस्कच्या तब्येतीचा फोटो मोबाइलवर दाखवा.

माझा कॉम्प्युटर आता २९ सेकंदांत पत्रिका उघडून देतो. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून दोन रात्री फोटो उतरवत होतो. काकू आल्या तेव्हा त्यांना किल्लीची गोष्ट सांगितली, एकटी एसएसडी ठेवून विंडोज परत टाकावी लागली तेही सांगितलं.

"म्हणजे दोनदाच मारावा लागला ना?" काकू म्हणाल्या. "मग मी काय सांगत होते?"