फॉरमॅट करण्याआधी डिस्कचा सिरियल नंबर बघा

पहिल्या नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात मी ऑफिसच्या बॅकअपची डिस्क फॉरमॅट केली. आजही लिनक्सवर एमकेएफएस, म्हणजे फॉरमॅटची कमांड, टाइप केलं की एंटरवर बोट थबकतं.

एक टीबीची जुनी डिस्क पुसून परत वापरायची होती. सकाळी एलएसबीएलकेमध्ये, म्हणजे डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, ती एसडीबी या नावाने दिसली. दुपारी मशीन रीस्टार्ट झालं आणि मी वरचा बाण दाबून सकाळचीच कमांड काढली. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्कला कायमची चिकटलेली नसतात. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी ती मिळतात, आणि दुपारी एसडीबी म्हणजे बॅकअप होता. साइज पाहिला, तर दोन्ही एक टीबीच्याच. बॅकअप फक्त रात्री माउंट व्हायचा, म्हणजे वापरासाठी जोडला जायचा. माउंट असता तर एमकेएफएसने साफ नकार दिला असता. तरी त्याने विचारलं होतं, इथे आधीच ईएक्सटी४ फाइलसिस्टम आहे, पुढे जाऊ का? जुनी डिस्क आहे, असणारच, असं धरून मी वाय दाबलं.

म्हणून साइजवर जाऊ नका. एलएसबीएलकेला मॉडेल आणि सिरियलचे रकाने मागा, नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडा, आणि कमांडमध्ये एसडीबीऐवजी डेव्ह-डिस्क-बाय-आयडी या फोल्डरमधलं नाव द्या. त्यात सिरियल असतो. हे सगळं फॉरमॅटच्या त्याच मिनिटाला. सकाळचं दुपारी चालत नाही. सुरू होताना काय माउंट करायचं ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्येही यूयूआयडीच, म्हणजे फाइलसिस्टमचा स्वतःचा ओळख क्रमांकच, लिहा.

सीनियरने चॅटवर टाकलेली फॉरमॅटची कमांड तशीच पेस्ट करणं मला मुळीच पटत नाही. तयार कमांड देणाऱ्यापेक्षा शेजारी बसून 'ही कोणती डिस्क?' असं विचारणारा सीनियर शोधा.

डिस्कची पार्टिशन, म्हणजे भाग, पाडणाऱ्या एफडिस्कला मात्र घाबरू नका. डब्ल्यू दाबेपर्यंत तो डिस्कवर काहीच लिहीत नाही, क्यू दाबून बाहेर पडा. चुकून पार्टिशन उडवलं तरी आतला डेटा लगेच पुसला जात नाही, टेस्टडिस्क हा प्रोग्राम बऱ्याचदा ते परत शोधून देतो. नवा पार्टिशन टेबल सिस्टमला दिसत नसेल तर पार्टप्रोब ही कमांड चालवा.

पण चुकीचं फॉरमॅट झालंच, तर ती डिस्क माउंटही करू नका. ईएक्सटी४ माउंट झाल्यावर मागे आयनोड टेबल, म्हणजे फायलींच्या नोंदींचा तक्ता, लिहीत राहतो. मी माउंट केली नाही, आणि डिस्क फिरत्या तबकड्यांची होती, म्हणून फोटोरेक या रिकव्हरी प्रोग्रामने बऱ्याच फायली काढल्या. एसएसडी असती तर एमकेएफएसने ब्लॉक आधीच डिस्कार्ड केले असते, म्हणजे रिकामे ठरवून सोडून दिले असते. फायलींची नावं मात्र गेली होती. एकेक उघडून नावं द्यायला मला तीन आठवडे लागले.