सीटबेल्ट लावताना आधी खालचा पट्टा बघा

सीटबेल्टचे दोन भाग असतात. एक खांद्यावरून छातीवर येतो, दुसरा कमरेवरून आडवा जातो. लोकांचं सगळं लक्ष वरच्या पट्ट्याकडे असतं, कारण तो मानेला घासतो आणि इस्त्रीच्या शर्टाला सुरकुत्या पाडतो. खालचा पट्टा कुठे बसलाय याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी बरीच वर्षं गाडी शिकवतो. बेल्ट लावलेली, पण चुकीचा लावलेली माणसं मला रोज दिसतात आणि दहातल्या नऊ वेळा चूक खालच्या पट्ट्याची असते. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

बसणं आणि बकल लावणं

बूड सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवा, पाठ टेकवा, सीट सरळ ठेवा. चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांत साधारण 25 सेंटिमीटर अंतर हवं.

बेल्ट सावकाश ओढा. हिसका दिला की तो अडकतो, ते त्याचं कामच आहे. सोडून द्या, पूर्ण आत जाऊ द्या आणि पुन्हा हळू ओढा. गाडी एका बाजूला फार कललेली असेल तरीही बेल्ट बाहेर येत नाही, तेव्हा सपाट जागी येऊन लावा. पट्ट्याला पीळ पडलेला नसावा. बकलचा खट् आवाज आल्यावर एकदा ओढून खात्री करा.

खालचा पट्टा: खरं काम इथे आहे

कमरेवर हात ठेवून उभे राहिलात की बोटांना हाडाची टणक कड लागते. ती कड चाचपत पुढे या. पुढे दोन्ही बाजूंना तिची टोकं लागतील. पट्टा त्या टोकांच्या खाली, मांडी जिथे सुरू होते तिथे, ओटीपोटाच्याही खालून गेला पाहिजे. बेंबीजवळ तर नकोच.

कारण सोपं आहे. कमरेचं हाड दणकट असतं, धडकेचा जोर ते झेलू शकतं. पोटाला पुढून हाडाचं संरक्षण नाही. आत आतडी, यकृत, प्लीहा. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी भिंतीवर आदळली, तर तो आघात साधारण 14 मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपासहून पडल्याइतका असतो. तो जोर चार बोटं रुंदीच्याही नसलेल्या पट्टीतून पोटावर आला तर काय होईल याचा विचार करा. अपघातग्रस्ताच्या पोटावर पट्ट्याचा आडवा काळानिळा वळ दिसला की डॉक्टर लगेच आतड्याच्या इजेचा शोध घेतात, तो याचमुळे. शिवाय पट्टा वर असला की कमर त्याच्या खालून पुढे घसरते आणि माणूस बेल्टमधून जवळजवळ निसटतोच.

1959 साली व्होल्वोमधल्या निल्स बोलिन यांनी आजचा तीन टोकांचा बेल्ट बनवला, तेव्हा दोन्ही पट्टे कमरेच्या बाजूला, खाली, एकाच ठिकाणी येऊन मिळतील अशी रचना केली. खालचा पट्टा हाडावरून हलू नये, हाच तिच्यामागचा हेतू. आपण तो पोटावर घेतला की त्या रचनेचा उपयोगच संपतो.

आता पद्धत. मला तो पट्टा जागेवर बसवण्यापेक्षा जागेवर टिकवायला जास्त त्रास झाला. खाली सारला तरी थोड्या वेळाने तो परत वर यायचा. त्यावर उपाय आहे क्रमाचा. आधी बकल लावा. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी खालचा पट्टा मांड्यांकडे दाबून खाली न्या. एका हाताने तो तिथेच धरा आणि दुसऱ्या हाताने वरचा पट्टा बकलच्या अगदी जवळ पकडून खांद्याकडे ओढा. खालच्या पट्ट्यातली ढील निघून वर जाते आणि ती बेल्टच्या रिळात गुंडाळली जाते. ढील नसलेला पट्टा वर चढत नाही. पण हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी वरचा पट्टा ओढला, तर खालचा पट्टा पोटावरच आवळला जातो. लोक नेमकं हेच करतात आणि मग बेल्ट पोटाला टोचतो म्हणून सैल करतात.

माझी मावशी दर वेळी कुरकुर करायची.
"अरे, आवळतोय हा. जीव घुसमटतो माझा."
"मावशी, तो पोटावर आहे म्हणून आवळतोय. मांडीवर घे बघू."
तिने घेतला आणि कोल्हापूर येईपर्यंत पट्ट्याला हातसुद्धा लावला नाही.

पोट सुटलेलं असेल तर एका हाताने पोट वर उचलून पट्टा त्याच्या खालून घ्यावा. यात लाजण्यासारखं काही नाही. साडी असेल तर बकल लावण्याआधी पदर बाजूला घ्या आणि निऱ्यांचा घोळ मांडीवर सपाट करा. त्या गोळ्यावरून गेलेला पट्टा घट्ट वाटतो, पण आतून सैल असतो. शाल बेल्टच्या वरून पांघरा. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांनी फुगीर जाकीट गाडीत बसताना काढावं किंवा निदान पुढून उघडं ठेवावं. खिशातला मोबाईल आणि किल्ल्या पट्ट्याखाली नकोत.

गरोदर बाईने बेल्ट लावू नये, हा सल्ला मी फार ऐकला आहे आणि तो धोकादायक आहे. आमची वहिनी सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला माहेरी निघाली, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी हेच सांगितलं होतं. बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या फुगीर भागाखालून, मांड्यांना लागून. वरचा दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा पट्टा कधीच जाऊ देऊ नका. प्रवास करावा की नाही हे डॉक्टर सांगतील, पण प्रवास केला तर बेल्टशिवाय नको.

आणि सीट मागे पाडून झोपणं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, कारची वेगमर्यादा ताशी 120. शेजारच्या सीटवरच्याला झोप येणारच. पण सीट आडवी केली की वरचा पट्टा छातीपासून सुटून हवेत राहतो आणि खालचा पोटावर सरकतो. अशा माणसाने बेल्ट लावलाय असं मी मानत नाही. डुलकी काढायची तर सीट सरळ ठेवूनच काढा.

वरचा पट्टा

गळपट्टीच्या हाडाच्या मध्यावरून आणि छातीच्या मधून. मानेला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरची बेल्टची कडी खाली करा, बऱ्याच गाड्यांत ती सरकते. काखेखालून घेऊ नका, फासळ्या मोडतात. पट्टा सैल ठेवणाऱ्या क्लिपा वापरू नका. आणि बीप बंद करायला जी नुसती बकलची जीभ विकतात, ती ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी आजच काढून फेकावी. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकायची बंदी केली. तरी लोक बेल्ट पाठीमागून लावून तेच साधतात. एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की एअरबॅग बेल्टला जोड म्हणून बनवलेली असते. बेल्ट नसेल तर माणूस तिच्यावर फार लवकर आणि वेड्यावाकड्या कोनात जाऊन आपटतो.

मागची सीट

मागे बसणाऱ्यालाही बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे आणि न लावल्यास 1000 रुपये दंड आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत मागच्यांवरही कारवाई करण्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे अडचण असते ती सीटकव्हरची. कव्हर बसवणारे मागची बकलं सर्रास आत दडपून टाकतात. मी माझ्यासमोर कव्हरला चिरा पाडून ती बाहेर काढून घेतो आणि तिन्ही बेल्ट लावून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. तुम्हीही तसंच करा. बाजूच्या एअरबॅगवर कव्हर चढलं असेल तर तेही चालणार नाही.

मुलांच्या बाबतीत वयापेक्षा उंची बघा. साधारण 145 सेंटिमीटर होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट मुलाच्या पोटावर आणि मानेवरच येतो, म्हणून तोवर चाइल्ड सीट किंवा बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक. पाठ टेकवून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेशी वाकत नसतील तर बूस्टर अजून हवं. मांडीवर घेतलेलं मूल धडकेत कुठल्याही आईबापाला धरता येत नाही, आणि एकाच बेल्टमध्ये स्वतःला नि मुलाला गुंडाळलं तर मोठ्याचा भार मुलावर येतो. मागे तोंड असलेली बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही.

जुनी गाडी घेताना प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. कडेचे धागे सुटलेत का, मध्येच पट्टा लाटेसारखा ताणला गेलाय का, सोडल्यावर तो आपोआप पूर्ण आत जातो का, ते बघा. मग हिसका द्या. अडकला नाही तर बेल्ट बदलायचा. मोठ्या अपघातातून गेलेला बेल्ट दिसायला धड असला तरी बदलायचाच, कारण धडकेत पट्टा खेचून घेणारं यंत्र एकदाच चालतं आणि ताणलेल्या पट्ट्यात पहिली ताकद राहत नाही. विकणारा "काही झालेलं नाही" म्हणाला, तरी डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा गाडी चालू केल्यावर लागून विझतो का, हे स्वतः बघा.